'ऑक्टेन'मधले आठ

प्रश्न असा आहे: शेव्हरले कॉर्व्हेट झेडआर-१ या नव्या, १,०६४ अश्वशक्तीच्या गाडीवरच्या अमेरिकी लेखात '९३ ऑक्टेन' पेट्रोलचा उल्लेख आहे. आपल्याकडे तर ९५ मिळतं, १०० सुद्धा मिळतं. मग तिकडचं पेट्रोल हलकं का? आणि 'ऑक्टेन'ला मराठीत 'ज्वलनक्षमता' म्हटलं तर चालेल का?

शेवटचं आधी घेतो. 'ज्वलनक्षमता' नको, कारण अर्थ जवळजवळ उलटा होईल.

शब्द तसा नात्यातलाच. ग्रीक 'ऑक्टो', संस्कृत 'अष्ट' आणि आपलं 'आठ' एकाच कुळातले. पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन या रसायनांची नावं पंच, षट्, सप्त, अष्ट या चालीवर म्हणून पाहा. रेणूत कार्बनचे अणू किती, एवढंच ती सांगतात.

हे आठ पेट्रोलपंपावर कसे पोचले, ते पाहण्यासारखं आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, ठिणगी पडते आणि ज्योत क्रमाने पसरत जाते. दाब आणि उष्णता फार झाली, तर ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण आपसूक पेटतं. 'सावधान' ऐकू येण्याआधीच अक्षता भिरकावणारे वऱ्हाडी असतात ना, तसं. पिस्टनवर अवेळी दणके बसतात. गॅरेजात याला 'नॉकिंग' म्हणतात.

१९२० च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी यासाठी मोजपट्टी सुचवली. लगेच बिथरणारं हेप्टेन शून्यावर, बराच दाब सोसणारं आयसोऑक्टेन १०० वर. ९५ ऑक्टेन पेट्रोल म्हणजे आयसोऑक्टेन ९५ भाग आणि हेप्टेन ५ भाग अशा मिश्रणाइतकं दम धरणारं पेट्रोल. त्यात ९५ टक्के ऑक्टेन असतं असं मुळीच नाही; म्हणून तर इथेनॉलचा अंक १०० च्याही पुढे जातो. आणखी गंमत म्हणजे आयसोऑक्टेनचं शास्त्रीय नाव २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन. कण्यात पाचच कार्बन, उरलेले तीन फांद्यांवर. आठही कार्बन एका रांगेत असलेलं जे सरळसोट ऑक्टेन, त्याचा ऑक्टेन अंक मात्र शून्याच्या खाली! मोजपट्टीला नाव ज्याचं, तोच तिच्यावर नापास.

मग 'ऑक्टेन म्हणजे जोर' हा समज आला कुठून? जोरदार इंजिनं मिश्रण जास्त दाबतात किंवा टर्बोने जास्त हवा कोंबतात, म्हणून त्यांना सोशिक पेट्रोल लागतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! साध्या स्कूटरमध्ये १०० ऑक्टेन भरून ती पळायला लागत नाही, कारण तिचं इंजिन तेवढा दाब देतच नाही.

आता अमेरिकेचं. भारतात आणि युरोपात पंपावरचा अंक नॉकिंगच्या 'रिसर्च' नावाच्या चाचणीचा असतो. अमेरिकेत तो आणि त्याहून कडक अशा 'मोटर' चाचणीचा अंक यांची सरासरी लिहितात. त्यामुळे त्याच पेट्रोलचा आकडा तिकडे चार-पाचाने कमी दिसतो. त्यांचं ९३ म्हणजे आपलं साधारण ९८. हलकं नाहीच, आपल्या ९५ पेक्षा सरसच.

प्रतिशब्द हवाच असेल तर मला 'धीरांक' सुचतो, पण पंपावर तो बोलून दाखवायची माझी हिंमत नाही. 'ऑक्टेन'च लिहा. मात्र जाहिरातींतल्या 'हाय-ऑक्टेन थरारपटा'ला मी अजून सरावलेलो नाही. मोटारींच्या हिशोबाने तो सहजासहजी न भडकणारा सिनेमा ठरेल. तिथे आपला 'धडाकेबाज' काय वाईट आहे?