तुम्ही विचारा: टीव्ही बिघडलेला नाही!

प्रश्न : मुलांसोबत ‘एन्चांटेड’ लावला. सुरुवातीला चित्र अरुंद, डावी-उजवीकडे काळं. राजकन्या न्यूयॉर्कला पोहोचल्यावर एकदम रुंद. टीव्हीत काही बिघाड आहे का?

उत्तर : नाही, दिग्दर्शक केविन लिमा यांनी ते मुद्दाम केलंय. २००७च्या या चित्रपटात परीकथेचा भाग १.८५:१ (रुंदी:उंची) या चौकटीत आहे. नायिका जिझेल टाइम्स स्क्वेअरमधल्या मॅनहोलमधून वर येते आणि खऱ्या जगासोबत चौकट २.३५:१ इतकी पसरते. काळे पट्टे घालवायला रिमोटवरचं ‘झूम’ वापरू नका. नेहमीच्या १६:९ पडद्यावर उंची भरली, की रुंद भागातलं जवळपास पाव चित्र कडेनं कापलं जातं. सेंट्रल पार्कमधल्या गाण्यात गर्दीच तर बघायची असते! टीव्हीच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडा आणि हात लावू नका.

प्रश्न : पिप नावाची खार हाताने काढलेली आहे का?

उत्तर : अर्धवट. (ती चिपमंक आहे, खारीची पट्टेरी भावंडं म्हणा.) अँडालेशिया या परीकथेच्या राज्यातली पिप जेम्स बॅक्स्टर यांच्या चमूने हाताने रेखाटली, न्यूयॉर्कमधली संगणकावर घडवलेली. तिथे तिची वाचा जाते, म्हणून सगळं हातवारे करून सांगावं लागतं. चित्रपटातला सर्वांत मजेदार अभिनय तिचाच, असं आमचं मत.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला चालेल?

उत्तर : चालेल. फक्त शेवटी राणी नरिसा ड्रॅगन होते, तेव्हा शेजारी बसा.