पाटकरी तात्यांना विचारा

(तात्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यावर ३१ वर्षं पाटकरी, म्हणजे शेतांना पाळीनं पाणी सोडणारे, होते. शेती, पाणी आणि नदीकाठचं काहीही त्यांना विचारा.)

प्रश्न : तात्या, आमचे हे बँकेतून रिटायर झाल्यापासून दर रविवारी पहाटे पाचला गळ घेऊन येलदरी धरणाकडं जातात, ते दुपारी दोनला परत. कधी दोन बोटभर मासे आणतात, बहुतेकदा काहीच नाही. मागच्या महिन्यात पिशवीतून किलोभराचा रोहू काढला आणि म्हणाले, मीच धरला. माशाच्या पोटाला बर्फ चिकटलेला होता. मी भांडले नाही. पण तिथं एवढं असतं तरी काय, ते एकदा समजावून सांगा.
– एक गृहिणी, जिंतूर

उत्तर : ताई, बर्फाचं आधी. हे मीही केलंय. पैठणला होडीवाल्याकडून मासा घ्यायचो, पण घरी नेण्याआधी पाण्यात चांगला बुचकळून काढायचो. तुमच्या यजमानांचा सराव कमी पडतोय, दुसरं काही नाही.

आता तिथं काय असतं ते. मी पाटकरी. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, त्यातला माझ्या वाट्याचा तुकडा लहानसाच. पण ३१ वर्षं पाणी म्हणजे माझ्यासाठी भांडण होतं. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की रात्री दोनला बॅटरी घेऊन चारीवर (शेताकडं जाणाऱ्या लहान पाटावर) जायचं, तर दोन सख्खे भाऊ खोरी घेऊन समोरासमोर उभे. पाळी कुणाची, दार कुणी उचललं, टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, माणसाला पाणी का पोचलं नाही. लग्नात जेवायला बसलो तरी शेजारचा वाढप्या विचारायचा, तात्या, पाणी कधी सोडणार? अन् रविवारी मी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्याच जलाशयाच्या, काठाला जाऊन बसायचो. पाणी तेच. पण तिथं ते कुणाला द्यायचं नव्हतं, मोजायचं नव्हतं. समोर नुसतं पसरलेलं असायचं.

तुमचे यजमान बँकेत होते म्हणता. त्यांचंही पैशाबाबतीत असंच काही झालं असेल.

दुसरं, आपल्याकडं धडधाकट माणसाला रिकामं बसता येत नाही. ओट्यावर तासभर बसा, चार जण विचारतील, काय तब्येत बरी नाही का? हातात काठी असली की कुणी विचारत नाही. माणूस कामात दिसतो.

आणि मग भेंड. मी अजून ज्वारीच्या धाटाचंच भेंड लावतो, बाजारातला प्लॅस्टिकचा तरंगा मला आवडत नाही. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) पाण्यात सोडलं की ते भेंड उभं राहतं आणि आपली नजर तिथं खिळते. चिलापी असली की टकटक टोचते, भेंड नाचतं. मरळ टोचत बसत नाही, घेऊनच जाते. कधीकधी भेंड बुडायच्या ऐवजी पाण्यावर आडवं पडतं. तेव्हा तळाला कुणीतरी गळ शिशासकट उचललेला असतो. हाताला ओढ लागते, आणि खाली कोण आहे ते अजून कळलेलं नसतं. सगळी मजा त्या चार-पाच सेकंदांत आहे, ताई. मासा वर आला की तो दीड पावाची चिलापी होतो आणि बाजारात तिला काय भाव आहे ते आपल्याला पाठ असतं.

बाकीचं किरकोळ आहे, पण सोडवत नाही. आदल्या संध्याकाळी मोरीमागची ओल उकरून गांडुळं काढायची, डब्यात थोडी माती घालायची. (तो डबा फ्रिजमध्ये ठेवत असतील तर मात्र तुम्ही भांडाच.) थंडीत काठावर धुकं असतं, सूर्य वर येईपर्यंत पाणी कुठं संपतं ते दिसत नाही. खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबतो, सूर मारतो आणि चोच रिकामी घेऊन वर येतो. त्याचंही चुकतं, हे बघून बरं वाटतं. दहाला भाकर, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. हात कितीही धुतले तरी भाकरीला गांडुळाचा थोडा वास येतोच, त्याचं काही वाटत नाही.

माझ्या शेजारी बारा वर्षं एक शिंपी बसायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मला पत्रिका आली तेव्हा कळलं. इतकं कमी बोलून टिकलेली दोस्ती मला दुसरी सांगता येणार नाही.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यात गेला होता, म्हणजे पाणी कालव्याच्या दाराच्याही खाली. उरलेल्या डबक्यांत मासे एवढे दाटले होते की लहान पोरं हातानं धरत होती. मी काठी माळ्यावर टाकली. भेंड बघायची गरजच उरली नव्हती, मग बसून काय करायचं?

तुम्ही एकदा सोबत जा. पहिला तासभर काही बोलू नका. आणि त्यांना माझा एक निरोप द्या: धरणाच्या दारांखालच्या बाजूला बसू नका, भोंगा झाला की काठी तिथंच टाकून वर या. काळ्या मातीचा काठ ओला असला तर पाय सटकतो, हेही सांगा.

प्रश्न : तात्या, आम्ही मित्र विष्णुपुरी धरणाजवळ कणकेची गोळी लावून बसतो. बारके मासे गोळी कुरतडून जातात, मोठा येत नाही.
– कॉलेजचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : गोळी किती खोल सोडता ते लिहिलं नाहीस, सगळं तिथंच अडलंय. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या पाण्यात फिरतो आणि मृगळ तळ चाटत असतो. भेंड वरखाली सरकवून बघ. कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि जरासा गूळ मळ, गोळी घट्ट कर म्हणजे बारक्यांना पुरून उरेल. उन्हं तापली की मासा खोल जातो, तेव्हा सकाळी लवकर या. अजून एक. धरणं-तलाव मच्छीमार सोसायट्यांना ठेक्यानं दिलेले असतात, बीजही त्याच सोडतात. आधी त्यांना विचारून बसा. मी विचारलं तेव्हा मला चहा मिळाला होता.

प्रश्न : पहिल्या मोठ्या पावसात आमच्या ओढ्याला चढणीचे मासे येतात. अख्खं गाव टोपल्या घेऊन जातं. हे बरोबर आहे का?
– एक शेतकरी, गेवराई तालुका

उत्तर : ते मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढत असतात, पोटं गाभोळीनं (अंड्यांनी) भरलेली. एक मादी टोपलीत गेली की पुढच्या वर्षीची कित्येक पिलं गेली. मरळीचं तर वेगळंच: तिची तांबूस पिलं पाण्यावर घोळक्यानं फिरतात आणि आईबाप दोघं खालून राखण करतात. घोळका दिसला की मी गळ गुंडाळून दुसरीकडं जातो. आपल्याकडं बरीच घरं श्रावण पाळतात, त्याचा माशांना फायदाच होतो.

लहानपणी आजोळच्या ओढ्यावरून मीही टोपलं भरून आणलेलं आहे. आजी ती गाभोळी मीठ-मिरची लावून तव्यावर परतायची. चव अजून जिभेवर आहे, म्हणून हे जरा हळू आवाजात सांगतोय.