बेकन गुंडाळलेलं फळ ग्रिलवर बाहेरून जळतं आणि आतून कच्चं राहतं, जाळ वाढवू का? फळ कुठलं घेऊ, सॉस कुठला देऊ?

जाळ वाढवू नका. अजिबात नको. बेकन म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाची पट्टी, ती जाळावर ठेवायचीच नाही मुळात. प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण याच एका गोष्टीवरनं आमच्या घरात दोन वर्षं वाद चालू आहे.

आम्ही बेळगावचे, शेत खानापूरकडं. दोन वर्षांमागं ३१ डिसेंबरला सगळे शेतातल्या घरी जमलेलो. धाकट्या दिरांनी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, अर्धा ड्रम कापून ग्रिल करून घेतलं होतं, खाली पाय, वर जाळी, झाकण, एकदम दणकट, त्यात खोट काढणार नाही मी. बेकन गोव्याच्या पाहुण्यांना सांगून मागवलेलं, चोर्ला घाटातनं बर्फाच्या डब्यात घालून आणलं बिचाऱ्यांनी. हा प्रकार मी शिकले कॅम्पातल्या आमच्या जुन्या शेजारणीकडं, आंटी मूळच्या गोव्याच्या, नाताळात ओव्हनमध्ये करायच्या. इंग्रज लोक सुक्या प्लमला बेकन गुंडाळून भाजतात, त्याला डेव्हिल्स ऑन हॉर्सबॅक म्हणतात, आंटी त्याच पद्धतीनं खजूर करायच्या.

दुपारभर बसून चाळीस खजुरांच्या बिया काढल्या, प्रत्येकात एकेक बदाम घातला, बेकनची पट्टी अर्धी कापून गुंडाळली, टूथपिक अर्धा तास पाण्यात भिजवून मग टोचल्या. संध्याकाळी लोणारी कोळसा पेटवला, त्याच्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबले, मग सगळा इंगळ एका अंगाला ओढला आणि खजूर दुसऱ्या अंगाला मांडले, जिथं खाली कोळसा नाही तिथं. तेवढ्यात भावजी आले. "वहिनी, असं कुठं भाजतंय काय ओ, जाळ कुठाय? द्या चिमटा इकडं, ग्रिल बायकांचं काम न्हवं." चिमटा घेतला, कोळसा सगळीकडं पसरला, वर आणखी दोन ओंजळी टाकला आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागले.

मी बाजूला उभी राहून बघत होते. चरबीचा पहिला थेंब इंगळावर पडला, चर्र झालं आणि तिथनं बोटभर ज्योत उठली. ती वरच्या बेकनला लागली, त्याची चरबी आणखी गळली, आणि बघता बघता जाळीभर जाळ. भावजींनी तांब्याभर पाणी मारलं तर राख उडून सगळ्या खजुरांवर बसली. चाळीसातले सहा वाचले, अगदी कडेला होते म्हणून. जळालेल्यातला एक मी फोडून बघितला, बाहेरनं कोळसा आणि खजुराला चिकटलेली बेकनची बाजू पांढरी, लिबलिबीत, पाकिटातनं काढल्यासारखी. तुम्ही लिहिलंय अगदी तेच. आणि घरातले सगळे काय म्हणाले, तर बेकनच खराब आलं. बेकन खराब नव्हतं. ते सहा खजूर मुलांनी उभ्याउभ्या संपवले, ते काय वेगळ्या पाकिटातले होते?

लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षं मी चुलीवर भाकरी करते. तव्यावरनं काढलेली भाकरी शेवटी कशावर फुगवतो आपण? चुलीच्या तोंडाला ओढलेल्या इंगळाच्या धगीला धरतो, जाळात घालत नाही. जाळात घातली तर पापुद्रा काळा आणि आत पीठ. बेकनचं तेच की. डुकराच्या पोटाकडचं मांस ते, जवळजवळ निम्मी चरबी, ती सावकाश वितळून गळाली तरच पट्टी कुरकुरीत होते, त्याला वेळ द्यावाच लागतो. इंगळ सांभाळण्यात जिची वीस वर्षं गेली तिला ग्रिल कळत नाही असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

आता तुमचं. पट्टी पातळ घ्या, जाड मिळाली तर आधी तव्यावर थोडी चरबी सुटेपर्यंत परता, पण वाकली पाहिजे इतपतच. एक वेढा आणि वर थोडी, दोन वेढे दिले की आतला कच्चा राहतोच. इंगळ एका बाजूला, खजूर दुसऱ्या बाजूला, त्यांच्या खाली चरबी गळायला एक जुनं ताट, वर झाकण. पट्टीचा जोड पहिल्यांदा खाली ठेवा म्हणजे तो चिकटतो आणि उलगडत नाही. पंधरा-वीस मिनिटं, मधनं दोनदा पलटा. शेवटच्या दोन मिनिटांत काकवीत थोडी ब्याडगी मिरचीची पूड कालवून ब्रशनं लावा, आधी लावली तर साखर करपते आणि कडू होतं. गॅसचं ग्रिल असेल तर एका बाजूचा बर्नर बंद ठेवून तिथं भाजा.

फळ म्हणाल तर खजूर, सुकं अंजीर पण चांगलं. ताजा अननस चालतो पण तुकडे कापडानं कोरडे करा आणि आदल्या रात्री गुंडाळून ठेवू नका, अननसाच्या रसानं मांस पिठासारखं मऊ पडतं. डब्यातल्या अननसानं तसं होत नाही. कलिंगड, पपई नको, पाणी सुटतं आणि बेकन भाजायच्या ऐवजी उकडतं.

एक राहिलं, थेट इंगळाची धग अगदीच वर्ज्य आहे असं नाही, बेकन पूर्ण शिजल्यावर अर्धा मिनिट इंगळावर धरलं तर रंग छान येतो, पण ते सगळ्यात शेवटी आणि समोरनं न हलता. बेकन खारवलेलं, धुरावलेलं असलं तरी बहुतेक वेळा कच्चंच असतं, लिबलिबीत राहिलेलं खाऊ नका. मीठ भरपूर असतं, बीपीवाल्यांना एक-दोनच द्या. आणि आपल्याकडं पाहुण्यांत डुक्कर न खाणारे पुष्कळ असतात, त्यांना आधी सांगा, त्यांचं पनीर नाहीतर चिकन त्याच जाळीवर भाजू नका, चिमटा पण वेगळा ठेवा.

सॉस मी देत नाही. काकवी लावली की लागत नाही.