फोटोग्राफीची इंटर्नशिप करतोय, 15 ऑगस्टचं ध्वजवंदन पहिल्यांदाच एकट्याने कव्हर करायचं आहे. काय तयारी करू?

मी स्थानिक दैनिकासाठी बरीच वर्षं हे कार्यक्रम टिपतोय. माझं पहिलं सांगणं हेच की मैदानात पोचलात की पाहुण्यांआधी झेंडा बांधणाऱ्या माणसाला गाठा. शाळेत बहुधा पीटीचे सर किंवा शिपाईमामा हे काम करतात. पाकळ्या घालून घडी केलेला झेंडा खाली आहे की आधीच वर नेलाय, ते त्यांना विचारा. रीतीप्रमाणे 15 ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात आणि 26 जानेवारीला वरच बांधलेला उलगडतात, पण काही ठिकाणी दोन्ही दिवशी तो वरच बांधून ठेवतात. खालून चढणार असेल तर दोरी ओढणारे हात, वर लागलेल्या नजरा, सगळ्याला वेळ मिळतो. वर असेल तर एका हिसक्यात खेळ संपतो. तेव्हा बर्स्ट मोड (बटण दाबून धरलं की सलग फोटो निघतात) आणि 1/1000 सेकंदाच्या आसपास शटर ठेवा, पडत्या पाकळ्या स्वच्छ येतात.

घडी घालतानाच केशरी पट्टा वर येतोय ना, तेही बघा. चुकत असेल तर लगेच सांगा. उलट्या झेंड्याची बातमी मिळण्यापेक्षा तो उलटा न फडकणं मोलाचं आहे, असं मी मनापासून मानतो.

ऑगस्टात आभाळ भरलेलं असतं. त्या पांढुरक्या आभाळापुढे झेंडा काळवंडतो, गणवेशही करडे दिसतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, +1 पर्यंत वाढवा आणि रॉमध्ये, म्हणजे नंतर उजेड सुधारता येतो अशा कच्च्या फाइलमध्ये, काढा. वाऱ्याच्या दिशेला आडवे उभे राहिलात तर झेंडा पूर्ण पसरलेला आणि अशोकचक्रासकट मिळेल. पावसासाठी कॅमेऱ्यावर घालायला प्लास्टिकची पिशवी हवीच.

राष्ट्रगीताला साधारण 52 सेकंद लागतात. तेवढ्यातही काही छायाचित्रकार रांगांमधून फिरत असतात. मला ते अजिबात पटत नाही. ध्वजसंहितेप्रमाणे झेंडा फडकवताना उपस्थितांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं असतं, आणि गळ्यात कॅमेरा असला तरी आपणही उपस्थितच असतो. झेंडा उलगडल्यावर दोन-चार फ्रेम घ्या आणि सूर सुरू झाला की कॅमेरा खाली. उभ्याउभ्या चेहरे मात्र बघून ठेवा. मान ताठ ठेवून गाणारे एखादे आजोबा दिसले तर कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याकडे जा, दोन शब्द बोला, मग फोटो मागा.

व्यासपीठाचा एक फोटो पुरे, तो संपादकांना लागतोच. खरा खजिना प्रभातफेरीत आणि लेझीमच्या पथकात असतो. तिथे गुडघ्यावर बसून मुलांच्या उंचीवरून काढा. एकट्या मुलाचा जवळून फोटो छापायचा असेल तर आधी बाईंना किंवा सरांना विचारा.

व्यासपीठावरच्या फोटोतली नावं डावीकडून उजवीकडे, पदासकट, तिथेच वहीत लिहून घ्या आणि आयोजकांपैकी कुणाकडून तरी वाचून घ्या. ऑफिसात पोचल्यावर कोण कुठे बसलं होतं ते आठवत नाही आणि सुट्टीमुळे फोनही कुणी उचलत नाही.