साळ नदीचं पाणी तपासायला सुरुवात करताय? आधी हे वाचा

गोव्यातल्या साळ नदीचं पाणी स्वतः तपासायचं तुमच्या मनात आहे, हे वाचून फार छान वाटलं, नक्की सुरू करा. महागडं मीटर लगेच घेऊ नका. थर्मामीटर, पीएच पट्ट्या (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते रंगावरून दाखवणाऱ्या), विरघळलेल्या ऑक्सिजनचं साधं किट आणि वही, एवढं पुरे.

सगळ्यात मोठी चूक भरती-ओहोटीची. भरतीला असोळणा गावापर्यंत समुद्राचं खारं पाणी नदीत चढतं. एकदा भरतीला आणि पुढच्या खेपेला ओहोटीला नमुना घेतलात तर तुलना कसली करणार? माझी पहिल्या वर्षाची अर्धी वही अशीच वाया गेली. म्हणून जागा तीच, ओहोटी तीच, आणि वेळ शक्यतो सकाळची. दुपारी उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आकडा फुगतो.

नमुना घेताना:
- बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा.
- तोंड प्रवाहाकडे करून हातभर खाली बुडवा, पाण्याखालीच झाकण लावा. आत बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरा.
- काठावरचा गाळ ढवळू देऊ नका.

आंघोळीच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा. एकदा 3 आला म्हणून लगेच बोंब मारू नका, पुन्हा मोजा. मलजंतूंची चाचणी प्रयोगशाळेवर सोडा. पावसाळ्यात काठावर एकट्याने उतरू नका.