'बियाँड टुमॉरो'च शोधताय तुम्ही, आणि तुमची आठवण चुकत नाहीये

तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. लहानपणी टीव्हीवर रात्री उशिरा पाहिलेला काळापांढरा सिनेमा, नाताळच्या आदल्या संध्याकाळी तीन श्रीमंत म्हातारे खिडकीतून पाकिटं फेकतात, ती परत द्यायला आलेला मुलगा आणि मुलगी एकमेकांच्या प्रेमात पडतात. आता इतक्या वर्षांनी डिस्क मिळाली तर मधले सीनच नाहीत, आणि विकणारे म्हणतात सिनेमा एवढाच आहे, तुमच्या लक्षात चुकीचं राहिलंय. अजिबात नाही. सिनेमाचं नाव 'बियाँड टुमॉरो', १९४०. 'सिनेमा एवढाच आहे' हे उत्तर मलाही मिळालं होतं, याच सिनेमाबद्दल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुठे शोधायचं, कसं मागवायचं वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडते. जुन्या सिनेमाची डिस्क घेताना सगळ्यात आधी मिनिटं बघायची. पोस्टर, प्रिंट, किंमत सगळं नंतर. हा सिनेमा मूळ ८४ मिनिटांचा आहे. माझ्या डिस्कवर मोठ्या अक्षरात 'रिस्टोअर्ड' लिहिलेलं आणि प्लेअरवर लावल्यावर ७३ मिनिटं. कंपनीचं नाव घेत नाही. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की आमच्या मास्टरमध्ये (ज्या प्रतीवरून डिस्क काढतात तिच्यात) एवढाच सिनेमा आहे. परत लिहिलं तर म्हणे पॅल फॉरमॅट (टीव्ही-व्हिडिओची एक पद्धत) असल्यामुळे वेळ कमी दिसतो.

आता या पॅलच्या उत्तरावर बरेच लोक गप्प बसतात, कारण ते अर्धं खरं आहे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सने चालते, पॅल २५ ने, त्यामुळे पॅल डीव्हीडीवर सिनेमा साधारण ४ टक्के लवकर संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. पण ४ टक्के कमी केले तर ८४ चे जवळपास ८१ होतात, ७३ कुठून होणार? हा हिशोब मांडून पाठवला तर पुढे कितीतरी दिवस काहीच नाही, मग दुसऱ्याच कोणाचं तरी मेल, की बहुतेक प्रेक्षकांना हा फरक जाणवत नाही आणि सील तोडलेली डिस्क परत घेतली जात नाही. सील तोडल्याशिवाय सिनेमा कापलाय हे कळणार कसं, याचं उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेलं नाही. अजूनही राग येतो.

आणि कापलं होतं काय, तर तिसरं पाकीट! तिन्ही पाकिटांत दहा-दहा डॉलर आणि म्हाताऱ्यांचं कार्ड असतं. दोन परत येतात, तिसरं एका नटीच्या हाती लागतं आणि ती ते परत करत नाही. एवढासा प्रसंग, पण पुढे मुलगा गायक म्हणून नावारूपाला येतो तेव्हा हीच बाई त्याच्या आयुष्यात येते, आणि आपल्याला ती कोण आहे हे तिच्या पहिल्या त्या वागण्यावरून आधीच माहीत असतं. तो प्रसंग काढला की ती नुसती कुठून तरी उगवलेली खलनायिका होते. ज्याने कात्री चालवली त्याने सिनेमा पाहिलाच नसणार.

असं का होतं तर (मी वकील नाही, आणि देशोदेशीचे नियम वेगळे, तेव्हा हे माझ्या समजुतीप्रमाणे) अमेरिकेत तेव्हा कॉपीराइट पहिल्यांदा २८ वर्षांचा असायचा आणि नंतर रिन्यू करावा लागायचा. ज्यांचा राहून गेला ते सिनेमे सगळ्यांचे झाले. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चं १९७४ मध्ये तेच झालं, पण त्याचं नशीब की टीव्हीवाल्यांनी तो दर नाताळात दाखवून दाखवून लोकांच्या गळ्यातला ताईत केला. बाकीच्यांचं काय झालं, तर जाहिरातींना जागा करायला टीव्हीसाठी काटछाट केलेल्या १६ एमएम प्रिंट्स हाताला लागल्या, त्यांवरूनच स्वस्त डिस्क निघत राहिल्या. म्हणजे मालक नसलेला सिनेमा सगळीकडे मिळतो आणि धड कुठेच मिळत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की मालक असलेला, वर्षानुवर्षं कपाटात अडकलेला सिनेमा परवडला. 'इट हॅपन्ड ऑन फिफ्थ अव्हेन्यू' (१९४७) किती वर्षं दिसेनासा झाला होता, पण २००८ मध्ये डीव्हीडी आली ती नीट आली.

तसाच नाताळचा आणखी एक सिनेमा, 'रिमेम्बर द नाइट' (१९४०). हा अनेकांना सापडत नाही कारण ते पॅरामाउंट स्टुडिओच्या याद्या चाळत बसतात. सिनेमा पॅरामाउंटचाच, पण त्यांचे १९५० च्या आधीचे बहुतेक बोलपट १९५८ मध्ये एमसीए या कंपनीला विकले गेले आणि आता ते युनिव्हर्सलकडे आहेत, तिथे शोधा. बार्बरा स्टॅनविक चोरी करताना पकडली गेलेली, फ्रेड मॅकमरे सरकारी वकील, खटला सुट्टीनंतर ढकललेला. तिची सख्खी आई तिला झिडकारते आणि मग तो तिला आपल्या आईच्या घरी नेतो. त्या घरात तिच्याशी सगळे साधेपणाने, मायेने वागतात आणि तिला त्याची सवयच नाही. ते बघताना माझ्या घशात आवंढा येतो, दरवेळी. लोक याला हलकाफुलका सिनेमा म्हणतात ते मला पटत नाही.

जाता जाता, 'ख्रिसमस हॉलिडे' (१९४४) नावाला भुलून घरच्यांना घेऊन बसू नका. डीना डर्बिन आणि जीन केली असूनही तो काळोखी गुन्हेगारी वळणाचा आहे. एकट्याने बघा, चांगला आहे.

आणि रंगवलेली कॉपी घेऊ नका हो. 'बियाँड ख्रिसमस' नावाने दिसेल ती हाच सिनेमा, रंग चढवून. याचा निर्माता ली गार्म्स स्वतः ऑस्कर मिळवलेला कॅमेरामन होता, त्याच्या सिनेमातल्या काळ्यापांढऱ्यावर कॉम्प्युटरने गुलाबी गाल फासायचे हे मला तरी सहन होत नाही. कोणाला आवडत असेल तर माझी हरकत नाही, पण मग तीही पूर्ण लांबीची आहे का ते बघा.

घरी जुनी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली कॅसेट असेल तर टाकू नका, आधी तिची लांबी मोजा, कधीकधी ती विकतच्या डिस्कपेक्षा पूर्ण निघते. जाहिराती वजा करायला विसरू नका. आणि तुमच्या डिस्कची मिनिटं नक्की किती भरतात आणि तिसऱ्या पाकिटाचा प्रसंग आहे की नाही, एवढं इथे लिहा. ७३ च्या आसपास असेल तर ती माझ्यासारख्याच कापलेल्या प्रिंटवरून आलीय, तिच्यावर अजून पत्रव्यवहार करण्यात वेळ घालवू नका, सरळ ८४ मिनिटांची कॉपी शोधायला लागा.