मानसिक आघातावर कोणती थेरपी घ्यावी? तेच तेच पुन्हा बोलल्याने त्रास वाढत नाही का?

आंबा घाटातल्या अपघाताला दोन वर्षे झाली तरी तो रस्ता तुम्ही टाळता, रात्री झोप मोडते, आणि थेरपीचे नाव निघाले की ‘तेच उकरून काय मिळणार’ असे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. २०१९च्या महापुरानंतर कोल्हापुरात उपचार घेतलेला रुग्ण आहे, आणि पहिल्या भेटीत मीही हेच विचारले होते.

त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली. नदीकाठच्या आमच्या गावातून आम्ही बोटीने निघालो आणि गोठ्यातल्या म्हशीचे दावे सोडायचे राहिले. पुढचे दोन पावसाळे मी रात्री तासातासाला उठून मोबाइलवर पाणीपातळी पाहत असे. घरची टाकी भरल्याचा आवाज आला तरी छातीत धडधडे.

माझे उपचार ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी या प्रकारातले होते, म्हणजे आघाताच्या आठवणीवर भर देणारी, विचार आणि वागणे बदलणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. टाळल्याने त्या क्षणी बरे वाटते, पण आठवण म्हणजे प्रत्यक्ष प्रसंग नव्हे हे शिकण्याची संधी मनाला मिळत नाही, हे त्यामागचे सूत्र. याच प्रकारातल्या, एडना फोआ यांच्या प्रोलाँग्ड एक्स्पोजर पद्धतीत, म्हणजे टाळलेल्या आठवणीला पुन्हा पुन्हा सामोरे जाण्याच्या पद्धतीत, साधारण ८ ते १५ बैठका होतात. डोळे मिटून, वर्तमानकाळात, ‘पाणी उंबऱ्याला लागले आहे’ असे सांगायचे आणि त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकायचे. सोबत भीतीची शिडी, म्हणजे टाळलेल्या गोष्टींची कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंतची यादी असते: माझ्या शिडीत टाकीच्या आवाजाला १००पैकी ३० गुण होते, पावसाळ्यात शिवाजी पुलावर उभे राहण्याला ९५. पहिल्या वेळी मी कठड्याला घट्ट धरून केवळ खालचे गढूळ पाणी पाहिले. चौथ्या वेळी शेजारी भाजत असलेल्या कणसांचा वास आला.

अपराधीपणा मात्र यानेही हलला नाही. त्यासाठी पॅट्रिशिया रेसिक यांच्या सीपीटीमधील, म्हणजे साधारण १२ बैठकांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीमधील, लेखन उपयोगी पडले. गोठ्यापाशी पाणी किती होते, तिथवर चालत जाता आले असते का, असे थेरपिस्टनी विचारले आणि उत्तरे लिहायला लावली. पाणी छातीच्या वर होते. ‘मी सोडले नाही’ या वाक्याचे ‘मला सोडता आले नाही’ असे व्हायला तीन आठवडे लागले.

सगळे तपशीलवार सांगणे नको वाटत असेल तर ईएमडीआरबद्दल जरूर विचारा. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७मध्ये शोधलेल्या या पद्धतीत आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवतात. डोळ्यांच्या हालचालीचा त्यात नेमका किती वाटा, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये ट्रॉमा-फोकस्ड सीबीटीबरोबर हिचीही शिफारस केली.

पद्धतीच्या नावापेक्षा मी थेरपिस्टचे प्रशिक्षण आधी विचारीन. प्रसंग ताजा असताना एकाच बैठकीत सगळे वदवून घेण्याचा उपयोग होत नाही, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर आधी सुरक्षितता पाहावी लागते. त्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. घाटात पहिल्याच दिवशी एकट्याने गाडी घेऊन जाऊ नका. तुमच्या शिडीची पहिली पायरी कदाचित दारात उभ्या असलेल्या गाडीत नुसते बसणे ही असेल.